सदिशांचा मध्य

एका गावाच्या तीन वाड्यांसाठी एकच दवाखाना बांधावयाचा आहे, असे समजा. देवळापासून पूर्वेस व उत्तरेस किलोमीटरांत मोजता वाड्यांची स्थाने (२, ६), (४, २) व (९, ४) अशी आहेत. अशी प्रत्येक जोडी म्हणजे एक सदिश होय. पूर्वेकडील अंकांची बेरीज १५, उत्तरेकडील १२. दोहोंस ३ ने भागले असता (५, ४) हा मध्य येतो. येथून वाड्यांकडे जाणारे सदिश (−३, २), (−१, −२) व (४, ०). त्यांची बेरीज शून्य येते, हाच ताळा.

परंतु पहिल्या दोन वाड्यांत प्रत्येकी १० व तिसरीत ४० घरे असली तर? प्रत्येक स्थानास घरांच्या संख्येने गुणून बेरजेस ६० ने भागावे. मध्य (७, ४) येथे सरकतो. अमेरिकेच्या लोकसंख्येचा असाच मध्य १७९० च्या जनगणनेनुसार मेरिलंड राज्यात होता. २०२० मध्ये तो पश्चिमेस मिसूरीत पोहोचला.

हा मध्य अंतरांच्या वर्गांची बेरीज लघुतम करतो, एकूण चालीची नव्हे. सर्व घरांची मिळून चाल लघुतम हवी असल्यास दवाखाना तिसऱ्या वाडीतच बांधावा लागेल! मग उरलेल्या २० घरांतील रुग्णांचे काय? गणित बिंदू अचूक दाखविते. त्यांतील न्याय्य कोणता, हे मात्र माणसांनीच ठरवावयाचे असते.