उतरण्यापूर्वीची प्रदक्षिणा

बेंगळुरूच्या उत्तर भागात बळ्ळारी रस्त्यालगत जक्कूरचे छोटे विमानतळ आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून येथे शासकीय उड्डाण प्रशिक्षण शाळा आहे. येथील धावपट्टी साधारणपणे पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. अशा तळाकडे येणारे लहान विमान थेट धावपट्टीवर झेपावत नाही. आधी ते तिच्या एका अंगाने आयताकार फेरी घालते. वैमानिक या फेरीला ‘सर्किट’ म्हणतात.

सर्किटची दिशा वारा ठरवतो. विमान नेहमी वाऱ्याच्या समोरून उतरते. समजा, विमानाचा हवेतील वेग ताशी ११० किलोमीटर आहे आणि वारा ताशी २० किलोमीटरने वाहत आहे. वाऱ्याला सामोरे जाताना जमिनीच्या संदर्भात वेग ९० उरतो. वारा पाठीशी असेल, तर तोच १३० होतो. आखूड धावपट्टीवर हा फरक जिवावर बेतू शकतो. बेंगळुरूत पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून व हिवाळ्यात पूर्वेकडून येतो. म्हणून ऋतू पालटला की उतरण्याची दिशाही सहसा पालटते.

सर्किटची उंची जमिनीपासून सुमारे १००० फूट असते. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ३००० फूट उंच असल्याने समुद्रसपाटीशी जुळवलेला उंचीमापक त्या वेळी ४००० च्या आसपास आकडा दाखवतो. नवशिक्याने ही बेरीज उड्डाणापूर्वीच करून ठेवलेली बरी! प्रमुख वैमानिक डाव्या आसनावर बसतो. धावपट्टी त्याच्या नजरेत राहावी, म्हणून वळणे बहुधा डावीकडे असतात. मात्र शेजारी दुसरा तळ किंवा डोंगर असल्यास उजवे सर्किटही ठरवले जाते.

खरी कसोटी आहे ती या फेरीत शिरण्याची. नियंत्रण मनोरा नसेल, तर उतरण्याचा क्रम वैमानिकांनाच परस्परांत जुळवावा लागतो. अमेरिकेत धावपट्टीला समांतर जाणाऱ्या बाजूच्या मध्याशी ४५ अंशांचा कोन करून शिरण्याची पद्धत रूढ आहे. ब्रिटिश परंपरेत विमान आधी सुमारे २००० फुटांवरून धावपट्टी ओलांडते, खाली वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी पाहते, सर्किट नसलेल्या बाजूला उंची कमी करते आणि मग फेरीत सामील होते. मार्ग वेगळे असले, तरी दोन्हींत एक दक्षता समान आहे: सर्किटच्या उंचीवर आधी यायचे, मगच आत शिरायचे. असे का? पंख वर असलेल्या विमानातून, विशेषतः वळताना, वरचे नीट दिसत नाही. पंख खाली असलेल्यातून खालचे दिसत नाही. अशी दोन विमाने एकावर एक आली आणि वरचे खाली उतरू लागले, तर दोघांनाही एकमेकांचा पत्ता लागत नाही. रेडिओवरून आपली जागा सांगणे आवश्यकच आहे. परंतु समोरच्याचा रेडिओ बंद असू शकतो, हे गृहीत धरून डोळे उघडे ठेवावे लागतात.

दोन विमाने एकाच वेळी उतरू पाहत असतील, तर खालच्या विमानाला प्रथम हक्क मिळतो. पण हा हक्क मिळवण्यासाठी मुद्दाम खाली येऊन दुसऱ्याच्या पुढे घुसण्यास नियमाने मनाई आहे.