परसांतील झाडाचें लाकूड : त्याची मोजणी, जपणूक व उपयोग

यवतमाळ जिल्हा सागवानासाठीं प्रसिद्ध आहे; परंतु स्वतःच्या परसांत व धुऱ्यावर उभ्या असलेल्या झाडांच्या लाकडाकडे शेतकऱ्याचें लक्ष क्वचितच जातें. भिंतीस धोका उत्पन्न झाला किंवा वादळानें झाड उन्मळलें, म्हणजे तें घाईनें तोडून जळाऊ लाकडाच्या भावानें, पुष्कळदां नुसत्या नजरेच्या अंदाजानें, व्यापाऱ्यास दिलें जातें. पुढें त्याच शेतकऱ्यास वखराचें खोड, जूं किंवा दाराची चौकट करावयाची झाली, कीं रोख पैसे मोजून बाजारांतून लाकूड आणावें लागतें. हा दुहेरी तोटा टाळतां येण्यासारखा आहे. तोडलेलें झाड सरपण होणार कीं कामाचें लाकूड होणार, हें बहुतांशीं पहिल्या महिन्यांतच ठरतें.

तोडण्यापूर्वीं

प्रथम परवानगीचा विचार करावा. झाडें तोडण्याचें नियमन करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९६४ च्या कायद्याच्या अनुसूचींत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ इत्यादि झाडें आहेत. तीं स्वतःच्या जमिनींत असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. शहरी हद्दींतील झाडांसाठीं १९७५ चा निराळा कायदा आहे. वाहतुकीच्या परवान्याची चौकशीही वन खात्याच्या कचेरींत आधींच करावी. केळापूर, घाटंजी, मारेगांव इत्यादि भागांतील आदिवासी बंधूंनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें कीं, त्यांच्या जमिनीवरील झाडांच्या विक्रीसाठीं १९६९ चा स्वतंत्र कायदा असून, त्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा असतो. अडचणीच्या वेळीं उभें झाड कवडीमोलानें जाऊं नये, हाच त्याचा हेतु होय.

तोडीस मार्गशीर्ष व पौष हे महिने चांगले. त्या वेळीं थंडीमुळें लाकूड सावकाश वाळूं लागतें, आणि वैशाखाचें ऊन येण्यापूर्वीं त्यांतील बरेंच पाणी निघून गेलेलें असतें.

मोजणी

गोल लाकूड मोजण्याची व्यापारांतील जुनी रीत अशी : ओंडक्याच्या मध्यावरील घेराचा चौथा हिस्सा घ्यावा, त्याचा वर्ग करावा व त्यास लांबीनें गुणावें. घेर ४ फूट व लांबी ८ फूट असल्यास चौथा हिस्सा १ फूट, आणि माप ८ घनफूट येतें. वास्तविक त्या ओंडक्यांत सुमारें १० घनफूट लाकूड असतें. म्हणजे या रीतींत पांचव्या हिश्शाहून थोडें अधिक लाकूड कापणीच्या तुटीसाठीं आधींच वजा झालेलें असतें. म्हणून या मापावर पुनः तूट कापूं देऊं नये. विकणाऱ्यानें दोरी घेऊन स्वतः घेर मोजावा व भाव घनफुटावर ठरवावा.

चिरणें व वाळवणें

ओल्या लाकडाच्या टोकांतून पाणी बाजूंपेक्षां पुष्कळ जलद उडतें, त्यामुळें टोकांस भेगा पडतात. तोडल्याच दिवशीं दोन्ही टोकांस वितळविलेलें मेण किंवा जुना तेलरंग जाड लावावा. ओंडके तोडतांना लागणाऱ्या लांबीपेक्षां चार-सहा बोटें अधिक ठेवावीं.

लाकूड वाळतांना वलयांच्या दिशेनें जितकें आकसतें, त्याच्या सुमारें निम्मेंच केंद्राकडून सालीकडे आकसतें. या असमान ओढीमुळें अखंड ओंडका केंद्रापर्यंत चिरतो. यास्तव तो लवकर चिरून घ्यावा, व दांडी किंवा चौकट यांच्या तुकड्यांत झाडाचें केंद्र येऊं देऊं नये.

फळ्या सावलींत, जमिनीपासून हातभर उंच, विटांवर रचाव्या. दोन थरांमध्यें दर दीड हातावर इंचभर जाडीच्या पट्ट्या घालाव्या व त्या सर्व थरांत एकावर एक सरळ रेषेंत याव्या. नाहीं तर फळ्या वांकतात. वर जड दगड ठेवावे. उन्हाळ्यांत पश्चिमेच्या झळांपासून तट्ट्याचा आडोसा व पावसाळ्यांत वर छप्पर पाहिजे. एक फळी दर पंधरा दिवसांनीं तोलावी. कोरड्या दिवसांत तिचें वजन घटेनासें झालें, म्हणजे ती वाळली असें समजावें.

कोणतें लाकूड कशास

बाभळीचें पक्कें लाकूड जड व चिवट असल्यानें बैलगाडीचीं चाकें, वखर व जूं यांस योग्य आहे. जुने सुतार बाभळीचे ओंडके कांहीं महिने पाण्यांत बुडवून ठेवीत. त्यामुळें कच्च्या भागांतील पिष्ट द्रव्य कमी होऊन भुंगेरे कमी लागतात. चिंचेचें आंतील लाकूड अत्यंत कठीण. त्याचे उखळ व मोगऱ्या चांगल्या होतात. बोरीच्या लाकडाचे हत्यारांचे दांडे टिकतात. कडुनिंब पेट्या व साध्या चौकटींस चालतो. परसांतील कोंवळ्या सागांत बाहेरील पांढरें लाकूड पुष्कळ असतें व त्यास वाळवी लागते. साग म्हणून सर्वच भाग टिकाऊ समजूं नये.

आंब्याचें लाकूड मऊ असून लवकर किडतें. तें ताबडतोब चिरावें. त्याच्या ओल्या फळ्या १०० लिटर पाण्यांत २ किलो बोरिक ॲसिड व ३ किलो टाकणखार विरघळवून त्यांत दोन-तीन दिवस बुडवाव्या. नंतर दोन आठवडे एकास एक लागून झांकून ठेवाव्या, व मग पट्ट्या घालून वाळवाव्या. पावसानें हें औषध धुऊन जातें, म्हणून अशा फळ्या घरांतील कामासच वापराव्या. गव्हाणी किंवा स्वयंपाकाच्या वस्तु त्यांच्या करूं नयेत, आणि द्रावण मुलें व जनावरें यांपासून दूर ठेवावें.

उरलेल्या भागाचा उपयोग

लहान तुकड्यांच्या खुंट्या, दांडे आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी होतात. औषध न लावलेल्या लाकडाचा भुसा गोठ्यांत अंथरून शेणमुतासह खतखड्ड्यांत घालावा. कोरा भुसा शेतांत टाकल्यास तो कुजतांना जमिनींतील नत्र अडवून ठेवतो. चुलीसाठीं आपल्याकडे पऱ्हाटी आहे, वांकड्या फांद्या आहेत. सरळ बुंधा त्या कामीं खर्चूं नये.

झाड वाढण्यास वीस-तीस वर्षें लागतात. मोजणीस एक तास व रचणीस एक दिवस पुरतो. यंदा ज्यांच्या परसांत झाड पाडावें लागणार असेल, त्यांनीं व्यापाऱ्यास बोलावण्यापूर्वीं गांवच्या सुताराशीं बसून घरांत व शेतांत काय काय लागणार याची यादी करावी, तेवढें लाकूड ठेवून उरलेलें मोजून विकावें, आणि पावसाळा लागतांच घरापासून सुरक्षित अंतरावर नवें रोप लावावें.