बेटावरची मैत्री आणि बेटावरचा अभ्यास

कॅरिबियन बेटावरच्या मेडिकल कॉलेजात निघालेल्या मुलाला नातेवाईक दोनच सल्ले देतात. 'मजा करायला चालला नाहीस, अभ्यास कर' हा पहिला. 'एवढा समुद्र आहे, जरा फिरून पण ये' हा दुसरा. दोन्ही सल्ले देणाऱ्यांना वाटतं, की अभ्यास आणि माणसं ही दोन निरनिराळी खाती आहेत, एकातून थोडं काढायचं आणि दुसऱ्यात घालायचं. बार्बाडोसमध्ये बेसिक सायन्सेसची सगळी सेमिस्टर्स काढल्यावर मी ठामपणे सांगू शकते, की बेटावर ही खाती वेगळी राहत नाहीत. तुम्ही कोणाबरोबर जेवता, कोणाच्या गाडीतून किराणा आणायला जाता, शुक्रवारी कोणाबरोबर बाहेर पडता, त्यावरच सोमवारी तुमचा किती अभ्यास झालेला असेल हे ठरतं.

माझं नववीपर्यंतचं शिक्षण ठाण्यात झालं, पुढचं न्यू जर्सीत. सध्या ब्रुकलिनच्या एका रुग्णालयात माझी रोटेशन्स चालू आहेत. सुट्टीत घरी गेले की मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी काका-काकू मला बाजूला घेतात आणि हळूच विचारतात, 'कसं असतं गं तिकडे? आमच्याकडे पण विचार चाललाय.' त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलांसाठी हे लिहिते आहे.

आधी हे समजून घ्या, की इथे चूक महाग का पडते. अमेरिकेतल्या कॉलेजात गाळणी दारातच लागते. बेटावरच्या बऱ्याच कॉलेजांत दार त्या मानाने सैल असतं, वर्षातून दोन-तीनदा प्रवेश होतात आणि गाळणी लागते ती आत गेल्यावर. दर काही आठवड्यांनी ब्लॉक एक्झाम येते. त्यात मागे पडलं की सेमिस्टर पुन्हा करावं लागतं. मुलांच्या बोलण्यात याला 'डिसेल' म्हणतात. पुन्हा तसंच झालं की बहुतेक ठिकाणी बॅग भरायची वेळ येते. कर्ज मात्र डिसेल होत नाही, ते पूर्ण फेडावं लागतं.

काही पालक मला म्हणाले, 'आता स्टेप वनला गुण नसतात ना, नुसतं पास व्हायचं!' खरं आहे. अमेरिकेतल्या वैद्यकीय परवान्याच्या या पहिल्या परीक्षेचा निकाल २६ जानेवारी २०२२ पासून फक्त पास किंवा फेल असा लागतो. पण त्यामुळे पुढच्या स्टेप टू सीके परीक्षेच्या गुणांवर सगळा भार आला. कुठल्याही स्टेपला आता चारपेक्षा जास्त वेळा बसता येत नाही, आणि एकदा लागलेलं 'फेल' पुसलं जात नाही. रेसिडेन्सीचा अर्ज वाचणाऱ्याला ते दिसतं, पुन्हा केलेलं सेमिस्टरही दिसतं. रेसिडेन्सीच्या जागा वाटणाऱ्या २०२४ च्या मॅचमध्ये अमेरिकेतल्या एमडी कॉलेजांच्या शेवटच्या वर्षातले ९३ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी जागा मिळवून गेले. परदेशी कॉलेजांतून आलेल्या अमेरिकी नागरिकांत हे प्रमाण ६७ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे बेटावरून आलेल्याकडे चुकायला जागा मुळातच कमी.

आता बेटाविषयी. बार्बाडोसची लांबी जेमतेम ३४ किलोमीटर. दर शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्सला फिश फ्राय असतो: भाजलेला ताजा मासा, मॅकरोनी पाय, मोठ्याने लावलेलं संगीत. सेंट लॉरेन्स गॅपचे बार रात्री उशिरापर्यंत चालू. गल्लीबोळात रम शॉप. जुलै उजाडला की क्रॉप ओव्हरची गडबड सुरू होते. हा मुळात ऊसतोड संपल्याचा उत्सव, आणि तो ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी ग्रँड कडूमेंटच्या मिरवणुकीने संपतो. या सगळ्याला वाईट म्हणायचं मला काहीच कारण नाही. बेजन, म्हणजे बार्बाडोसचा, माणूस आठवडाभर काम करून शुक्रवारी ऑइस्टिन्सला जातो. आमच्यातल्या काहींचा शुक्रवार बुधवारीच सुरू व्हायचा, प्रश्न तो होता.

पहिल्या सेमिस्टरला माझ्या बाजूच्या खोलीत एक मुलगा होता. हुशार, बोलका, सगळ्यांच्या मदतीला धावणारा. ओरिएंटेशनच्या पंधरवड्यात सगळी बॅच त्याला नावाने ओळखायला लागली. कोणाला विमानतळावरून आणायचंय, कोणाचा वाढदिवस आहे, कोणाला घर बदलायचंय, याला फोन. तो दारू फारशी पीत नव्हता, लेक्चर चुकवत नव्हता. पण त्याची एकही संध्याकाळ त्याची स्वतःची नव्हती. पहिला ब्लॉक काठावर, दुसरा नापास, मग डिसेल, आणि वर्षभरात तो परत गेला. त्याला पार्टीने बुडवलं नाही, 'नाही' न म्हणता येण्याने बुडवलं. आपल्या घरांतून वाढलेल्या मुलांना हा धोका जास्त आहे. 'माणसं जोडावीत' हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं, पण कधी थांबावं हे कोणी शिकवलेलं नसतं.

त्याच मजल्यावर एक मुलगी होती. तिने आल्या दिवशीच ठरवलं होतं, की दोन वर्षं कोणाशी मैत्री करायची नाही. जेवण खोलीत, अभ्यास खोलीत, व्हॉट्सअ‍ॅप बंद. पहिल्या ब्लॉकला तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त गुण पडले. तिसऱ्या ब्लॉकपर्यंत तिची झोप उडाली होती. कोणत्या प्रोफेसरचे प्रश्न कसे येतात, कुठलं लेक्चर दोनदा ऐकायला हवं, कुठल्या विषयाचा रिव्ह्यू कोण छान घेतं, ही माहिती वर्गात फळ्यावर लिहिलेली नसते. ती जेवणाच्या टेबलावर फिरते. तिच्यापर्यंत ती पोचतच नव्हती. ती आजारी पडली तेव्हा दोन दिवस कोणाला कळलं नाही. तिनेही सेमिस्टर अर्ध्यात सोडलं.

मी दोघांनाही वाया गेलेलं म्हणणार नाही. पण दोन टोकांची ही दोन माणसं एकाच मजल्यावरून गेली, तेव्हा मला कळलं की किती माणसं हा प्रश्नच नाही. माणसांसाठी वेळ कधी, हे आधी ठरलेलं आहे की नाही, हा प्रश्न आहे.

त्याचा पुरावा मिळाला २९ जून २०२४ च्या शनिवारी. टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका, आणि आमचा ब्लॉक त्याच आठवड्यावर आलेला. मुंबईचा रोहित शर्मा कप्तान, आणि सामना आपल्या दारात! आमच्या चौघांच्या गटाने बरेच आठवडे आधी ठरवलं होतं: भारत अंतिम फेरीत गेला तर जायचंच. म्हणून त्या शनिवारचे विषय आधीच्या दोन रविवारी संपवले. सामना सकाळी साडेदहाला सुरू झाला आणि दुपारी भारत सात धावांनी जिंकला. संध्याकाळी घसा बसलेला होता, पण अभ्यास बाकी नव्हता. त्याच दिवशी लायब्ररीत बसलेले आमचे काही मित्र 'परीक्षा आहे' म्हणून आले नव्हते. दर षटकाला ते फोनवर स्कोअर बघत होते. त्यांचा सामनाही गेला आणि दिवसही गेला.

सोमवारी, १ जुलैला, बेरिल वादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेलं. सगळं बंद झालं, भारतीय संघसुद्धा विमानतळ बंद असल्याने बेटावर अडकून पडला. परीक्षा पुढे गेली. शेवटच्या दोन दिवसांवर सगळा भार टाकून बसलेल्यांना वाटलं, सुटलो. पण पाणी भरून ठेवणं, खिडक्या पक्क्या करणं, घरच्यांचे घाबरलेले फोन, यात अभ्यास कोणाचाच झाला नाही. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तिथे वादळांचा मोसम असतो. शेवटच्या दिवसाच्या भरवशावर राहायची ती जागा नाही.

आता प्रत्यक्ष काय करावं ते सांगते.

सगळ्यात धोक्याचे दिवस परीक्षेच्या आदले नसतात, परीक्षेनंतरचे असतात. ब्लॉक संपला की सगळी बॅच गॅपला जाते, आणि जावंच. त्या रात्री मनसोक्त नाचा, दुसऱ्या दिवशी झोपा. पण नवा ब्लॉक तिसऱ्या दिवशी सुरू झालेला असतो. तो आठवडा जो 'अजून वेळ आहे' म्हणून काढतो, तो पुढचा महिनाभर मागे धावतो. अँकी या उजळणीच्या अ‍ॅपमधली कार्डं हा हिशोब निष्ठुरपणे दाखवतात. चार दिवस न बघितलेली कार्डं पाचव्या दिवशी एकत्र समोर येतात, शिवाय त्या दिवसाची नवी वेगळीच.

आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून माणसांसाठी ठेवा आणि ती परीक्षेच्या आठवड्याखेरीज मोडू नका. आमची शुक्रवारची होती. ती ठरलेली असल्यामुळे मंगळवारच्या बोलावण्याला 'शुक्रवारी भेटू' एवढंच उत्तर पुरायचं. कोणी दुखावलं जात नाही, वाद घालावा लागत नाही. रविवारी सकाळी तासभर कार्लाइल बेमध्ये पोहणं हेही त्याच यादीत धरा. मात्र रम पिऊन रात्री समुद्रात उतरू नका. हे लिहायची गरज पडू नये, पण पडते.

अभ्यासाचा गट पहिल्या पंधरवड्यात पक्का करू नका. ओरिएंटेशनमध्ये सगळेच छान वाटतात, कारण तेव्हा कोणाचा अभ्यासच सुरू झालेला नसतो. पहिल्या ब्लॉकचा निकाल लागू द्या. मग चार जण पुरेत. एकत्र बसून वाचायचं नाही, एकमेकांना प्रश्न विचारायचे. आमचा नियम होता: ज्याने धडा वाचलेला नाही त्याने त्या दिवशी यायचं नाही. नियम कडक वाटतो, पण त्यामुळेच आमची मैत्री टिकली. कोणी कोणाच्या जिवावर पास होत नव्हतं.

प्रेमाबद्दलही बोलायला हवं, कारण घरचे बोलणार नाहीत. घरापासून लांब, तणावात, विशी-पंचविशीतली माणसं जवळ येणारच. फक्त इतकं लक्षात ठेवा, की बेट लहान आहे. बिनसलं तरी तोच माणूस उद्या त्याच डिसेक्शन टेबलावर, त्याच सुपरमार्केटच्या रांगेत, त्याच झेडआर व्हॅनमध्ये, म्हणजे बेटावरच्या मिनीबसमध्ये, भेटणार. अभ्यासाचा गट आणि प्रेमाचं माणूस शक्यतो एकच ठेवू नका. एक तुटलं तर दुसरं तरी शिल्लक राहील.

पालकांनाही दोन शब्द. घरसुद्धा सोशल लाइफच आहे. भारताचं घड्याळ बार्बाडोसच्या साडेनऊ तास पुढे असतं. साताऱ्याची आजी सकाळी साडेसहाला चहा घेऊन फोनजवळ बसते, तेव्हा बेटावर रात्रीचे नऊ वाजलेले असतात, म्हणजे अभ्यासाची भरातली वेळ. आम्ही रविवारची एक वेळ ठरवली आणि आजीने ती माझ्यापेक्षा जास्त कसोशीने पाळली. रोज फोन करून 'किती मार्क पडले?' विचारू नका. आणि डिसेंबरमध्ये पुण्याला चुलत बहिणीचं लग्न आहे म्हणून फायनलच्या आठवड्यात तिकीट काढू नका. 'सगळे काय म्हणतील' याचं उत्तर तुम्ही द्या, मुलाला द्यायला लावू नका.

बारावीनंतर थेट भारतातून कॅरिबियनला जाणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी तपासावी. परत येऊन भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे 'नीट' परीक्षेची पात्रता, किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेतली १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते. एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका, राष्ट्रीय वैद्यक आयोगाची नियमावली स्वतः वाचा. हा पाया कच्चा असेल तर वेळेचं नियोजन कितीही चांगलं असून उपयोग नाही.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या परीक्षेत कमी पडलात तर त्याच आठवड्यात कोणाला तरी सांगा: प्रोफेसरला, अ‍ॅडव्हायझरला, गटातल्या मित्राला, घरी. मी पाहिलेल्या मुलांपैकी जी परत गेली, त्यातल्या बहुतेकांची गोष्ट सगळ्यांना कळली तेव्हा दुसरा ब्लॉकही हातचा गेलेला होता. कमी गुण भरून काढता येतात, लपवलेले गुण भरून काढता येत नाहीत. माणसं जोडायची ती याचसाठी.