लंडन धावत पाहताना : पंप, गटार आणि आपला दम

परदेशातल्या अनेक मोठ्या शहरांत पर्यटकांना बसऐवजी धावत शहर दाखवतात. सकाळी गर्दी व्हायच्या आत छोटा गट निघतो. मार्गदर्शक पुढे धावतो, एखाद्या ठिकाणी थांबून दोन-तीन मिनिटे माहिती सांगतो आणि गट पुन्हा निघतो. ही शर्यत नसते. सर्वांत हळू धावणाऱ्याच्या वेगाने सगळे जातात.

आरोग्याच्या दृष्टीने हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. त्यासाठी लंडनमधला सहा-सात किलोमीटरचा एक मार्ग पाहू.

पहिला थांबा : बिनदांड्याचा पंप

सोहो भागातल्या ब्रॉडविक स्ट्रीटवर पाण्याच्या हातपंपाची प्रतिकृती उभी आहे. तिला दांडा नाही. १८५४ साली या रस्त्याला ब्रॉड स्ट्रीट म्हणत. ऑगस्टच्या अखेरीस इथे कॉलरा पसरला आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. हा रोग घाणेरड्या हवेमुळे होतो, असे तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरी जाऊन एकच विचारले : तुम्ही पाणी कुठून भरता? बहुतेक मृतांच्या घरी याच पंपाचे पाणी येत होते. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, पण विहिरीशेजारच्या मैल्याच्या खड्ड्यातून घाण पाण्यात झिरपत होती, हे पुढे उघड झाले.

दुसरा थांबा : पायाखालचे गटार

इथून ट्रफाल्गर चौकातून उतरले की थेम्स नदीचा काठ लागतो. या रुंद रस्त्याचे नाव व्हिक्टोरिया एम्बँकमेंट. त्याच्या पोटातून शहराचे मोठे गटार जाते. पूर्वी लंडनचा मैला थेट नदीत पडे आणि त्याच नदीचे पाणी लोक पीत. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी संसदेच्या सभागृहात शिरली, आणि मग गटारांसाठी पैसा झटपट मंजूर झाला. त्याआधी कॉलऱ्याने हजारो लोक गेले होते, तेव्हा एवढी घाई कोणाला नव्हती. अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी हे काम केले. त्यांचे स्मारक याच काठावर आहे.

१८६६ साली कॉलरा पुन्हा आला. या वेळी तो मुख्यतः पूर्व लंडनच्या गरीब वस्त्यांत पसरला, कारण तिथली नवी गटारव्यवस्था अजून सुरू झाली नव्हती. पाच हजारांहून अधिक माणसे मेली. त्यानंतर मात्र लंडनमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली नाही.

याच काठावरून थोडे आत वळले की लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स लागते. बाबासाहेबांचे शिक्षण इथे झाले.

तिसरा थांबा : रुग्णालय आणि भिंत

पुढे मिलेनियम या पादचारी पुलावरून नदी ओलांडून दक्षिण काठाने मागे यायचे. संसदेच्या समोर सेंट थॉमस रुग्णालय आहे. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांची परिचारिका शाळा १८६० साली याच रुग्णालयाशी जोडून सुरू झाली. शेजारच्या भिंतीवर लाल बदाम रंगवलेले आहेत. कोविडने गेलेल्या प्रत्येकासाठी एक, असे हे काम लोकांनी २०२१ साली सुरू केले.

अशा धावण्याचा वेग

बोलता येईल इतकाच वेग, हा या धावण्याचा नियम. पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांतच धाप लागली तर हळू व्हा. गाणे म्हणता येत असेल तर थोडा वेग वाढवता येईल. या वेगाने हृदय आणि फुप्फुसांना व्यायाम मिळतो, रक्तदाब व साखर आटोक्यात राहायला मदत होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. भरभर चालणेही त्यात धरले जाते.

- नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे.
- थांब्यावर एकदम खाली बसू नये. जागच्या जागी पाय हलवत राहावे.
- हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.
- छातीत दुखले, चक्कर आली, तर लगेच थांबावे आणि दवाखाना गाठावा.

मात्र रोज धावणारा माणूसही दूषित पाणी प्यायला तर आजारी पडतो. ब्रॉड स्ट्रीटवर धडधाकट माणसेही एक-दोन दिवसांत गेली. व्यायाम आपल्या हातात आहे. नळ आणि गटार मात्र पालिकेकडून मागून घ्यावे लागते.

घरात चर्चा करा

१. आपल्या घरचे पिण्याचे पाणी कुठून येते? त्याची पाइपलाइन गटारातून किंवा गटाराला लागून जाते का?
२. गल्लीत जुलाब किंवा काविळीचे रुग्ण वाढले, तर त्यांची घरे कोणत्या नळावर पाणी भरतात?
३. या आठवड्यात घरातले कोण कोण, बोलता येईल इतक्या वेगाने, रोज अर्धा तास चालणार?