बिनतारी कार्डाची कैफियत

मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपचे वायफाय एकाएकी नाहीसे झाले असता, कोणत्याही उपायाला हात घालण्यापूर्वी यंत्राने आपल्या दफ्तरात काय नोंदवून ठेवले आहे ते स्वस्थ चित्ताने वाचावे, असे मी आता ज्याला त्याला आग्रहाने सांगतो. कारण डेबियन प्रणाली असलेल्या माझ्या लॅपटॉपवर जो प्रसंग गुदरला त्यात मूळचा बिघाड अगदी किरकोळ होता, आणि जो काही मनस्ताप झाला तो त्या बिघाडावर घाईने झालेल्या उपचारांपायी झाला.

नित्याप्रमाणे प्रणालीचे अपडेट घेऊन यंत्र पुन्हा सुरू केले, तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातले वायफायचे चिन्ह गेले होते. इतकेच नव्हे, तर वायफाय चालू-बंद करण्याची सोयच सेटिंगमधून नाहीशी झाली होती. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला. तेथील तरुण कारागीर मनापासून झटणारा होता. त्याने मोबाइलवर शोधून सापडलेल्या आज्ञा एकामागून एक टंकित केल्या आणि शेवटी, "काका, कार्ड उडालंय, नवंच टाकावं लागेल," असा निकाल दिला. त्या आज्ञा निराळ्या निर्मात्याच्या निराळ्या कार्डासाठी होत्या. आणि त्यांपैकी एकीने मागे काय ठेवले होते, त्याचा उलगडा पुढे व्हावयाचा होता.

घरी येऊन टर्मिनल उघडले आणि 'एलएसपीसीआय' ही आज्ञा, तिच्यापुढे आडवी रेघ व 'एनएनके' ही अक्षरे जोडून, दिली. यंत्राच्या पीसीआय मार्गावर बसलेल्या प्रत्येक भागाची ही आज्ञा हजेरी घेते आणि प्रत्येकापुढे चौकोनी कंसात दोन क्रमांक दाखविते: पहिला निर्मात्याचा, जसा इंटेलचा ८०८६, आणि दुसरा त्या विशिष्ट नमुन्याचा. माझे कार्ड या हजेरीत उपस्थित होते. जे कार्ड खरोखर जळाले आहे ते या यादीत सहसा उमटतच नाही. सबब नवे कार्ड घेण्याचा विचार मी तेथेच रहित केला. परंतु आवाजाच्या आणि चित्राच्या भागांखाली 'कर्नेल ड्रायव्हर इन यूज' अशी जी ओळ होती, ती या कार्डाखाली नव्हती. कार्ड हजर होते; त्याचा ताबा घेणारा ड्रायव्हर मात्र जागेवर नव्हता.

डेबियन नवे कर्नेल बसविताना आधीचे लगेच काढून टाकीत नाही. यंत्र सुरू होताना जी ग्रबची यादी येते, तिच्यातील 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' या नोंदीखाली ते मिळते. बिघाड अपडेटनंतर उद्भवला असेल, तर आधीच्या कर्नेलवर यंत्र चालवून पाहणे यासारखी बिनखर्चाची आणि निर्णायक कसोटी दुसरी नाही. ती मी घेतली, आणि कार्ड तेथेही मुकेच राहिले. ज्या कर्नेलवर आदल्या दिवशीपर्यंत सर्व काही सुरळीत होते, त्यावरही कार्ड बोलू नये, हे पाहून कारागिराचाच निकाल खरा की काय, अशी शंका कुणाच्याही मनात आली असती. पण हजेरीतील नोंद डोळ्यांसमोर होती, म्हणून 'ईटीसी' या फोल्डरात असलेले 'मोडप्रोब.डी' हे उपफोल्डर उघडले. कोणता ड्रायव्हर चढवावा व कोणास मज्जाव करावा, याविषयीचे हुकूम तेथे ठेवलेले असतात. तेथे दुकानात गेलो त्याच दिवसाच्या तारखेची एक फाइल होती आणि तिच्यात एकच ओळ होती: 'ब्लॅकलिस्ट', आणि त्यापुढे नेमके माझ्याच कार्डाच्या ड्रायव्हरचे नाव. दुसऱ्या कार्डाच्या मार्गातून बाजूला काढावयाचा म्हणून ज्या ड्रायव्हरला बंदी घातली जाते, तोच माझ्या कार्डाचा एकमेव आधार होता. ती ओळ काढली, आधीच्या कर्नेलवर यंत्र पुन्हा सुरू केले, आणि आसपासची सर्व नेटवर्के क्षणात यादीत उभी राहिली.

मूळ बिघाडाचे कारण त्यानंतर लगेच सापडले. माझ्या कार्डाच्या निर्मात्याने ड्रायव्हरचा मूळ मजकूर पूर्णपणे खुला केलेला नाही, म्हणून तो कर्नेलमध्ये समाविष्ट नाही. प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर त्याची बांधणी यंत्रावरच नव्याने व्हावी लागते. हे काम 'डीकेएमएस' ही व्यवस्था करते, परंतु त्या कर्नेलच्या 'हेडर' फायली हाताशी असल्याशिवाय तिला ते करता येत नाही. 'डीकेएमएस स्टेटस' असे विचारताच आधीच्या कर्नेलसाठी ड्रायव्हर बांधलेला असून नव्यासाठी नाही, असा स्पष्ट जबाब मिळाला. हेडरचे पॅकेज बसविले, बांधणी झाली, आणि नव्या कर्नेलवर कार्ड पूर्ववत चालू लागले.

सर्वांचे कारण हेच असेल असे नाही. ड्रायव्हर जागेवर असूनही कार्ड गप्प असेल, तर 'डीमेसेज' या आज्ञेने कर्नेलची रोजनिशी वाचावी आणि 'फर्मवेअर' हा शब्द शोधावा. एखाद्या फाइलच्या नावापुढे 'एरर उणे २' अशी नोंद असेल, तर तिचा अर्थ ती फाइल सापडली नाही एवढाच होय. कार्डात दोष आहे असा नव्हे. अनेक कार्डांना सुरू होताच निर्मात्याने दिलेली अशी एक फाइल लागते, आणि तिचा मूळ मजकूर खुला नसल्यामुळे डेबियनच्या अधिकृत स्थापना-प्रतीत ती पूर्वी दिली जात नसे. २०२२ साली डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे धोरण बदलले, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून या फायली स्थापना-प्रतीतच मिळू लागल्या. तो निर्णय मला योग्य वाटतो. तत्त्वनिष्ठेचे मोल मी जाणतो. परंतु ज्या नवागताला जाळ्याशीच जोडून घेता येत नाही, त्याच्यापर्यंत ते तत्त्व पोहोचणार तरी कसे?

'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञाही एकदा देऊन पाहावी. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' असे उत्तर आले तर आज्ञेनेच सुटका होते. 'हार्ड ब्लॉक्ड' आले तर बहुधा लॅपटॉपच्या कडेची कळ अथवा कळफलकावरील विमानाचे चिन्ह तपासावे लागते. 'सिक्युअर बूट' चालू असेल, तर यंत्रावर बांधलेला ड्रायव्हर सहीच्या अभावी नाकारला जातो. अशा वेळी सहीची किल्ली नोंदवून घेण्यासाठी पुढच्या सुरुवातीस एक निळा पडदा काही क्षणच येतो. तो हुकला तर ती नोंदणी पुन्हा करावी लागते.

या साऱ्या दुरुस्तीला जाळे लागते, आणि नेमके तेच नसते. अशा वेळी मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. प्रणाली त्यास तारेचे नेटवर्क समजते, आणि बिनतारी कार्डाची त्यात काहीच गरज पडत नाही.

एका गोष्टीविषयी मात्र मी कठोरपणे बोलतो. ज्या आज्ञेच्या आरंभी 'सुडो' आहे, तिला यंत्राची कुलमुखत्यारी मिळते. अशी आज्ञा आपल्या कार्डाच्या दोन्ही क्रमांकांशी रुजवात घातल्याखेरीज, मग ती कुणीही सांगितलेली असो, देऊ नये. आणि दिली तर तिने कोणती फाइल निर्माण केली वा बदलली, याचे टिपण त्याच वेळी करून ठेवावे, म्हणजे ती मागे घेता येते. दुरुस्तीला यंत्र देतानाही कारागिराकडून असे टिपण मागून घेण्यात संकोच करू नये.

लॅपटॉप अद्याप घ्यावयाचा असेल, तर डेबियनची चालती प्रत पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा, विक्रेत्याच्या परवानगीने यंत्र तिच्यावर सुरू करा, आणि वायफायची यादी डोळ्यांनी पाहिल्यानंतरच पैसे द्या.