पोटात साठा असलेली दुर्मीळ झाडं

आषाढ लागला की उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या रोपवाटिकांपुढे रविवारी गाड्यांची रांग लागते. पूर्वी लोक मोगरा, जास्वंद, कढीपत्ता घेऊन जायचे. आता निम्मे जण मोबाइलवरचा फोटो पुढे धरून विचारतात, "हे मिळेल का?" फोटोतलं पान अर्धं पांढरं असतं, नाहीतर गुलाबी. किंमत ऐकूनही माणूस मागे हटत नाही. मला धास्ती असते ती पुढच्या दोन महिन्यांची. पावसाळ्यात घरात उजेड कमी, हवा दमट, कुंडीतली माती वाळता वाळत नाही. हौसेनं आणलेली महागडी झाडं बहुतेक याच दिवसांत मुळापासून कुजतात.

म्हणून दुर्मीळ झाड निवडताना रंग शेवटी बघा. आधी बघा की त्या झाडानं अडीअडचणीसाठी साठा कुठे केला आहे. कंदात, जाड पानात, की खोडावरच्या गाठीत? असं झाड तुम्ही आठवडाभर गावाला गेलात तरी अडून बसत नाही. त्याला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे रोजचं पाणी.

पहिलं नाव घेईन झेडझेडच्या काळ्या वाणाचं, 'रेवन'चं. झेडझेड हे अळू आणि सुरणाच्याच कुळातलं, मूळचं पूर्व आफ्रिकेचं. १९९६ च्या सुमारास डच रोपवाटिकांनी ते मोठ्या प्रमाणावर वाढवायला घेतलं आणि मग जगभर गेलं. अळवाला न्हाणीघराच्या सांडपाण्याची ओल लागते. झेडझेडची रीत सुरणाची. जमिनीखाली बटाट्यासारखा कंद, त्यात पाणी भरलेलं. पावसाळ्यात त्याला तीन आठवड्यांतून एकदा पाणी दिलं तरी भागतं. 'रेवन'चा नवा कोंब पोपटी हिरवा येतो आणि काही आठवड्यांत काळपट होत जातो. हे माहीत नसलेली गिऱ्हाइकं "फसवलंत" म्हणून कुंडी परत घेऊन येतात. अळवाची खाज असते तशीच याच्या रसाचीही असते. रांगतं मूल किंवा मांजर घरात असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

फसवणूक खरी असते ती उलट्या दिशेची. एका प्रदर्शनात मी स्वतः 'पिंक काँगो' नावाचं फिलोडेंड्रॉन घेतलं होतं, वरची चार पानं लख्ख गुलाबी. आठ महिन्यांत सगळं झाड हिरवंगार झालं. तो रंग वाणाचा नसतोच. रोपावर वायूची प्रक्रिया करून तेवढ्यापुरता आणलेला असतो. तसंच हृदयाच्या आकाराच्या एकाच पानाचं. लहानशा कुंडीत रोवलेलं होयाचं ते पान भेट म्हणून खूप खपतं. पानाबरोबर खोडाचं पेर आलेलं नसेल तर त्याला मुळं फुटतात, पान वर्षानुवर्षं जगतं, पण वेल कधीच फुटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींनी ते चार वर्षं जपलं होतं. त्यांना हे सांगताना माझा जीव तुटला. घेताना देठाखाली बोट घालून पेर आहे ना, एवढं चाचपून घ्या.

पेरासकट होया मिळाला तर मात्र त्याच्यासारखं सोशीक आणि देखणं दुसरं झाड मी पाहिलेलं नाही. ही वेल आपल्या रुईच्या कुळातली. खोड कापलं की तसाच चीक, आणि फूल हातात घेऊन पाहा: मेणासारख्या पाच पाकळ्यांच्या चांदणीवर दुसरी छोटी चांदणी बसवलेली, रुईच्या फुलात असते तशी. असे वीस-पंचवीस चांदण्यांचे झुबके लटकतात आणि कितीतरी जातींचा वास रात्रीच दरवळतो. सह्याद्रीच्या पावसाळी जंगलातही एक होया आहे, होया वायटी. घरासाठी मी नवख्यांना 'प्युबिकॅलिक्स' सांगते. मूळ फिलिपिन्सची, वाढीला चपळ, पानांवर चांदीचे शिंतोडे. पिळदार पानांचा 'कॉम्पॅक्टा' दिसायला गोड, पण त्याच्या वळ्यांत पिठ्या ढेकूण शिरला की काढता काढता नाकी नऊ येतात. पहिल्या वर्षी तो नको.

होयाला तंग कुंडी आवडते, म्हणून मोठ्या कुंडीत हलवायची घाई करू नका, पावसात तर नाहीच. माती निचऱ्याची हवी: नारळाच्या सोडणाचे तुकडे, विटांचा चुरा, थोडा लोणारी कोळसा, मूठभर गांडूळखत. पाणी द्यायचं की नाही हे पानच सांगतं. कडक पान वाकत नसेल तर साठा भरलेला आहे. दुमडून पाहिल्यावर मऊ लागलं तर पाणी द्या. आणि फुलं झडल्यावर उरणारा काडीसारखा दांडा कधीही कापू नका. पुढच्या हंगामात त्याच दांड्यावर पुन्हा कळ्या धरतात. किती घरांतून "आमच्या होयाला एकदाच फुलं आली" ही तक्रार ऐकते, आणि कारण नेमकं हेच निघतं.

तिसरी निवड माझ्या मनाच्या फार जवळची. पावसात सह्याद्रीच्या पठारांवर कंदीलपुष्पं फुलतात, आपली खरपुडी. यातल्या कित्येक जाती जगात फक्त इथेच आहेत आणि काही मोजक्याच ठिकाणी उरल्या आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव यांनी त्या वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं. पण फोटो काढायला गेलेला माणूस कंदही उकरून आणतो. हे करू नका, आणि कुणी विकत देत असेल तर घेऊ नका. घाटरस्त्यांवर सालीसकट ओरबाडून आणलेली आमरीही तशीच टाळा. फ्लॅटच्या बंद हवेत ती बहुधा टिकत नाही आणि जंगलातली जागा मात्र रिकामी होते. ज्याला कंदीलपुष्पाची ओढ आहे त्यानं त्याचीच दक्षिण आफ्रिकेतली बहीण घरी लावावी: सेरोपेजिया वुडी, बाजारातलं नाव 'स्ट्रिंग ऑफ हार्ट्स'. १८८१ मध्ये जॉन मेडली वुड यांना ती नाताल भागात खडकांवर लोंबताना सापडली. दोऱ्यासारख्या वेलीवर हृदयाकृती पानं, मधे मधे मण्यांसारख्या गाठी, आणि बोटाच्या पेराएवढं कंदिलासारखं फूल. गाठ मातीला टेकवली की तिला मुळं फुटतात.

अर्ध्या पांढऱ्या पानांच्या मॉन्स्टेरा, कॅलेथिया, अलोकेशिया यांच्या वाटेला या हंगामात जाऊ नका. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे ढगाळ उजेडात झाडाची कमाई आणखी घटते आणि तोच भाग आधी तपकिरी पडून सडतो.

जागेबद्दल एक बारकावा. पुण्या-मुंबईकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऊन येत नाही. कुंडी आत्ता बिनधास्त काचेजवळ ठेवा. ऑगस्टपासून सूर्य दक्षिणेकडे सरकतो, आणि ऑक्टोबर हीटमध्ये त्याच खिडकीतल्या उन्हानं पानं भाजतात. घटस्थापनेच्या आधी कुंडी दोन हात आत सरकवा.

नवं झाड घरी आणल्यावर तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. कुंडीतून अलगद काढून वास घ्या. आंबूस वास म्हणजे कूज. मुळांभोवती जाळीची पिशवी किंवा कोकोपीटचा घट्ट गोळा असेल तर तो सोडवा, कारण बाहेरची माती वाळली तरी तो आतून ओला राहतो. पेराच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा.

ज्यांच्याकडे पाच-दहा गुंठ्यांचं शेडनेट आहे, त्यांनी ही तीन झाडं मातृवृक्ष म्हणून आत्ताच धरावीत. मात्र वरून प्लास्टिक हवं; नुसत्या जाळीतून पडणारा पाऊस यांना सोसत नाही. होयाचे दोन पेरांचे फाटे घ्या, चीक सुकू द्या, मग ओलसर कोकोपीट आणि परलाइटमध्ये लावा. आत्ताच्या दमट हवेत महिनाभरात मुळं धरतात, म्हणजे दिवाळीच्या बाजारापर्यंत रोप उभं राहतं. झेडझेडचं तसं नाही. त्याची सुटी पानं देठाच्या बाजूनं रोवली की महिनोन्‌महिने वर काहीच हलत नाही. कंटाळून उपटू नका. पान हिरवं आहे तोवर खाली हरभऱ्याएवढा कंद भरत असतो.