अक्षरे का हलतात?

एखादा मुलगा तोंडी प्रश्नांची उत्तरे चटकन देतो; पण धडा वाचावयास उभा राहिला, की अडखळतो. तीच ओळ पुन्हा वाचतो, मधली ओळ गाळतो, डोळे चोळतो. ‘लक्ष कोठे आहे?’ असे गुरुजी विचारतात. त्याचे लक्ष पुस्तकातच असते; पण त्याला अक्षरे थरथरताना आणि ओळी एकमेकींत मिसळताना दिसत असतात. नवल असे, की तो हे कोणास सांगत नाही. पुस्तक सर्वांनाच असे दिसते, अशी त्याची समजूत असते!

काळ्यापांढऱ्या बारीक पट्ट्यांच्या कापडाकडे क्षणभर टक लावून पाहा. (फार वेळ नको, काहींचे डोके दुखू लागते.) पट्टे हलल्यासारखे वाटतात, क्वचित नसलेले रंगही दिसतात. आता छापील पान आठवा. काळी ओळ, पांढरी जागा, पुन्हा काळी ओळ! आपल्या लिपीत तर शिरोरेघांची आणखी भर. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ आर्नोल्ड विल्किन्स यांनी या त्रासाचा पुष्कळ अभ्यास केला व १९९५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. अशा पट्ट्यांमुळे काही जणांच्या मेंदूतील पाहण्याचे काम करणारा भाग प्रमाणाबाहेर उत्तेजित होतो, असे त्यांचे मत आहे. अर्धशिशीने पीडलेल्या माणसांना पट्टे अधिक खुपतात, हेही दिसून आले आहे.

यावर उपाय कोणता? न्यूझीलंडमधील शिक्षिका ऑलिव्ह मिअर्स यांनी १९८० साली लिहिले, की पानावर रंगीत पारदर्शक कागद ठेवल्यास काही मुलांना वाचणे सोपे जाते. ही कल्पना पुढे अनेक देशांत पसरली. परंतु २००९ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या व नेत्रतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून सांगितले, की रंगीत काचांनी वाचनातील अडचणी दूर होतात, यास पुरेसा पुरावा नाही. हा वाद अजून मिटलेला नाही. म्हणून महागड्या रंगीत चष्म्याच्या मागे धावण्यापूर्वी डोळे तपासून घेणे बरे. पुष्कळदा साध्या चष्म्याची गरज असते, किंवा दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर नीट जुळत नसतात, आणि तेवढ्यानेही अक्षरे हलतात.

बिनपैशाचा एक उपाय मात्र कोणीही करून पाहावा. पोस्टकार्डात एका ओळीएवढी आडवी खाच कापावी आणि वाचताना ते पानावरून खाली सरकवीत न्यावे. वरच्या-खालच्या ओळी झाकल्या जातात. पट्टे नाहीसे होतात, आणि डोळ्यांपुढे वाचावयाची तेवढी एकच ओळ राहते.